फायनान्सच्या पोरांना पहिल्याच दिवशी सहा सेमिस्टरचा नकाशा द्या : वाणिज्य अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या विद्यापीठांच्या वाणिज्य अभ्यास मंडळांचे सगळे सदस्य,
आणि तालुक्याच्या ठिकाणी कॉमर्स कॉलेज चालवणारे प्राचार्य सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा नदीच्या काठच्या एका तालुक्याच्या गावातून लिहून राहिली आहे. चार वर्षांआधी बी.कॉम. झाली, आता इथल्याच एका पतसंस्थेत कर्ज विभागात बसते. घरी साडेचार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर, बाबा कास्तकार. लहान भाऊ यंदा बारावी पास झाला, त्याला फायनान्स मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेऊन बी.कॉम. करायचं आहे, म्हणून मागच्या आठवड्यात त्याच्यासोबत फॉर्म भरायला गेली आणि तिथं जे पाहिलं ते काही केल्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं, म्हणून हे पत्र.

फॉर्म भरतात ते झेरॉक्सच्या दुकानात, हे तुम्हाला माहीत असेलच. बारा-पंधरा पोट्टे-पोट्ट्या उभे, लाईट जाऊन-येऊन राहिली, साईट अडकून राहिली, आणि दुकानवाला दादा स्क्रीनकडं पाहतच विचारतो, "मेजर फायनान्स टाकलं, मायनर काय टाकू?" मायनर म्हणजे मेजरच्या जोडीचा दुसरा विषय. भावानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं काय काय आहे ते दाखवा, तर त्यानं यादी भरकन खाली-वर केली आणि म्हणाला, "ताई, सगळे मार्केटिंगच टाकून राहिले, तेच टाकू का?" मग ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय, तिथंही सकाळपासून सगळ्यांचं जे टाकलं तेच. मागं लाईन होती, दादाची काही चूक नाही, त्याला एका फॉर्मचे पैसे मिळतात आणि संध्याकाळपर्यंत पन्नास फॉर्म काढायचे असतात. पण तीन वर्षं काय शिकायचं हे चार मिनिटांत ठरलं. आमच्याकडं बैलजोडी घ्यायची तर माणूस तीन बाजार फिरतो, दात पाहतो, वखराला जुंपून पाहतो, चार जाणत्या लोकांना विचारतो, आणि इथं पोराच्या आयुष्याचा अभ्यास ठरवताना विचारायला जागाच नाही.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या या पद्धतीला माझा विरोध नाही हे आधीच सांगते. २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय मी दोन-तीनदा वाचला आहे. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप), वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडलेलं काम. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं, जे छापून आलं ते सगळ्यांनी घ्यायचं. आता पोराला निवड आहे, आणि ही निवड खरंच मोठी गोष्ट आहे. पण निवड दिली आणि वाट दाखवली नाही तर पोरगा करणार काय, जिकडं गर्दी चालली तिकडं जाणार. कोणता पेपर कोणत्या सेमिस्टरला आहे, तो समजायला आधी काय आलं पाहिजे, आणि आपल्या कॉलेजात तो शिकवायला माणूस आहे का, या तीन गोष्टी त्याला फॉर्म भरायच्या आधी कळल्या पाहिजेत, माझं मुख्य मागणं इतकंच आहे. पण का मागते ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

माझ्या वेळी क्रम उलटा होता. गणित आणि सांख्यिकी पहिल्या वर्षी उरकलं, चक्रवाढ व्याजाची दहा उदाहरणं सोडवली, परीक्षा दिली, विसरली. मग दीड-दोन वर्षं गणिताचं नाव नाही. पाचव्या सेमिस्टरला फायनान्शियल मॅनेजमेंट आलं आणि सरांनी फळ्यावर लिहिलं, प्रेझेंट व्हॅल्यू, म्हणजे पुढं मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत. पुस्तकाच्या मागच्या पानावर तक्ता होता. दहा टक्क्यांच्या रकान्यातले ०.९०९, ०.८२६, ०.७५१ हे आकडे मला आजही पाठ आहेत, पण ते १ ला १.१ नं भागत गेलं की येतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. तक्त्यातून आकडा उचलायचा, गुणायचा, बेरीज करायची, आली बेरीज मोठी तर प्रोजेक्ट स्वीकारा. पेपरात ६८ पडले. एक्सेल त्या तीन वर्षांत एकदाही उघडलं नाही, कारण लॅबला कुलूप होतं आणि चावी ज्यांच्याकडं होती ते आर्ट्सच्या बिल्डिंगमध्ये बसत.

आता पुढची गोष्ट ऐका. नोकरीला लागून सहा-सात महिने झाले होते, दिवाळी तोंडावर होती. बचत गटातल्या एक काकू आल्या. हातात गावातल्या एका खासगी फायनान्सवाल्याचं हप्त्याचं कार्ड, घामानं मऊ झालेलं, कडा फाटलेल्या. त्यांना २४,००० पाहिजे होते, २४ महिन्यांसाठी. तिकडं महिन्याला १,२४० चा हप्ता सांगितला होता आणि दर सांगितला होता बारा टक्के. आमच्या संस्थेचा दर पंधरा टक्के, घटत्या शिलकेवर. काकू म्हणाल्या, "बाई, तिकडं बारा आहे न तुमच्याकडं पंधरा, मंग मी तुमच्याकडून कायले घेऊ?" आणि मी, फायनान्समध्ये ६८ मार्क घेतलेली, त्यांना म्हटलं की काकू बरोबर आहे, तिकडंच घ्या, स्वस्त पडेल. त्या गेल्या.

संध्याकाळी आमचे मोठे साहेब कॅश मोजून झाल्यावर बसले होते, त्यांना सहज सांगितलं. ते काही रागावले नाहीत. त्यांनी कागद ओढला, म्हणाले लिही. २४,००० चे बारा टक्के वर्षाचे २,८८०, दोन वर्षांचे ५,७६०, मुद्दल धरून २९,७६०, भागिले २४, झाले १,२४०. हा झाला कार्डावरचा हप्ता. आता सांग, पहिला हप्ता दिल्यावर काकूकडं पूर्ण २४,००० राहिले का? बाराव्या महिन्यात किती राहिले? अर्धेच ना. मग व्याज शेवटपर्यंत पूर्ण २४,००० वर कायचं? मग त्यांनी कॉम्प्युटरवर एक्सेल उघडलं, रेट म्हणून फंक्शन असतं, त्यात २४ हप्ते, १,२४० आणि २४,००० टाकलं, बारानं गुणलं, आला दर साडेएकवीस टक्क्यांच्या थोडा वर. आणि आमच्या पंधरा टक्क्यांचा हप्ता काढला तर १,१६४. महिन्याला ७६ रुपये कमी, दोन वर्षांत १,८०० च्या वर. बारा टक्केवालं कर्ज महाग आणि पंधरावालं स्वस्त, आणि मी एका बाईला उलटं सांगून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कुटीवर त्यांच्या गावाला गेली. अजून कर्ज उचललं नव्हतं, नशीब. अंगणात बसून त्यांच्या पोराच्या वहीच्या मागच्या पानावर तेच गणित मांडून दाखवलं, आणि सर, सातवी शिकलेल्या काकूंना ते पंधरा मिनिटांत समजलं. अर्धे पैसे फेडले तरी व्याज पूर्णावर लावते, हे वाक्य त्याच म्हणाल्या. मला ते तीन वर्षांत समजलं नव्हतं, यात मलाच अक्कल नव्हती असं म्हणून सोडून देता येईल, पण माझ्या वर्गातल्या साठ पोरांपैकी कोणालाच आलं नसतं हे मी छातीवर हात ठेवून सांगते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मायक्रोफायनान्सच्या नियमांत कर्जदाराला खरा वार्षिक दर लिहिलेलं माहितीपत्रक द्यायला सांगितलं आहे, चांगलंच आहे, पण ते पत्रक वाचून समजावणारं माणूस गावात पाहिजे, आणि ते माणूस तयार करायचं काम तुमच्या कोर्सचं आहे.

म्हणून मी क्रमाचं इतकं लावून धरते. पैशाची काळानुसार किंमत, म्हणजे आजचे शंभर आणि वर्षानंतरचे शंभर सारखे नाहीत, ही गोष्ट फायनान्सची मुळाक्षरं आहेत, ती पहिल्याच सेमिस्टरला आली पाहिजे, आणि ती तक्त्यावर नाही तर एक्सेलवर आली पाहिजे. कौशल्याच्या कोर्सचे दोन क्रेडिट त्यालाच द्या ना. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, दोन क्रेडिटचे ६० तास झाले, साठ तासात पोरगा हप्ता काढणं, कर्जाचं वेळापत्रक बनवणं, दोन योजनांची तुलना करणं सगळं शिकते. पहिल्या वर्षीच अकाउंटिंग पक्कं, कारण ताळेबंद वाचता नाही आला तर पुढं सगळंच हवेत. सांख्यिकी दुसऱ्या वर्षी, गुंतवणुकीच्या पेपरच्या बरोबर एक सेमिस्टर आधी, म्हणजे सरासरी आणि प्रमाण विचलन डोक्यात ताजं असतानाच जोखीम आणि परतावा येईल. फायनान्शियल मॅनेजमेंट त्याच्याही आधी. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वायद्यासारखे करार, सगळ्यात शेवटी, आणि ज्याला आधीचे तीन जमले त्यालाच. टॅक्स आणि कंपनी कायदा कुठंही बसवा, त्यांना मागचं फारसं लागत नाही. हे मी कोणी विद्वान म्हणून नाही सांगत, दोन वर्षं रोज हेच काम करताना मला कुठं अडलं त्यावरून सांगून राहिली आहे, तुम्ही याहून चांगला क्रम लावाल, पण क्रम लावा, आणि प्रत्येक पेपरच्या नावासमोर एक ओळ छापा की हा पेपर घ्यायच्या आधी हा-हा पेपर झालेला असावा.

आता प्राचार्य सरांशी थोडं. चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे १५ गुणिले ४, साठ तास, हे कागदावर आहे. आमच्या भागात अर्ध्याहून जास्त विषय तासिका तत्त्वावरच्या सर-मॅडमच्या भरवशावर चालतात. त्यांची ऑर्डर निघेपर्यंत पोळा होऊन जातो. मग गणपती, दसरा, दिवाळी, आणि परीक्षा डोक्यावर. मला जे सर गुंतवणुकीचा पेपर शिकवत ते दोन कॉलेज करत होते, सकाळी एक आणि दुपारी एसटीनं दुसरं, तासाचे पैसे कधी सहा-सहा महिन्यांनी मिळत आणि तरी शिकवताना कधी हात आखडला नाही त्यांनी, माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण साठ तासांचे पंचवीस झाले तर शेवटचे दोन युनिट 'वाचून घ्या' मध्ये जातात, आणि शेवटच्या दोन युनिटमध्येच नेमका पोर्टफोलिओ, म्हणजे पैसे कुठं-कुठं किती गुंतवायचे ते, असतो. मग निदान इतकं करा, जो विषय नवीन माणूस आल्याशिवाय चालू होत नाही तो वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला ठेवूच नका, दुसऱ्यात टाका, जानेवारीत सगळे कॉलेजात असतात. हे करायला शासनाचा पैसाही लागत नाही, नुसती अदलाबदल लागते.

दुसरं मागणं उदाहरणांचं. आमच्या पुस्तकात फॅक्टरीवाला नवीन मशीन घ्यावी की नाही हेच गणित सहा प्रकारे होतं. मशीन आमच्या पोरांनी पाहिलेली नसते. कापूस पाहिलेला असतो, घरात खाटेखाली, पडवीत, कधी-कधी झोपायच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला असतो. नोव्हेंबरात खेडा खरेदीवाला दारात येऊन समजा ७,००० म्हणतो. बाबा म्हणतात थांबू, मार्चपर्यंत वाढेल. बरं, वाढेल, पण किती वाढलं तर परवडते? घरात २० क्विंटल, आज विकला तर १,४०,०००. न विकता घरखर्चाला आणि रब्बीला सावकाराकडून तेवढे पैसे महिन्याला दोन रुपये शेकड्यानं उचलले तर चार महिन्यांत आठ टक्के, ११,२०० व्याज. म्हणजे क्विंटलला ७,५६० झाले तेव्हा कुठं बरोबरी. आणि कापूस वाळतो, तीन टक्के घट धरली तर वीसचे १९.४ राहिले, मग बरोबरीला ७,८०० च्या जवळ भाव पाहिजे. त्याच्या खाली विकला तर थांबून तोटाच झाला, जरी नोव्हेंबरपेक्षा जास्त भाव मिळाला असला तरी. आमच्या घरी हे गणित कधी कोणी केलं नाही, भाव वाढला म्हणजे फायदा झाला, असंच समजत आले सगळे. हाच प्रेझेंट व्हॅल्यूचा धडा आहे सर, फक्त मशीनच्या जागी पऱ्हाटी. तूर आणि सोयाबीनला तर बाजार समित्यांमार्फत पणन मंडळाची तारण कर्ज योजना आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा टक्के व्याज, १८० दिवस. सावकाराचा वर्षाचा २४ आणि तारणाचा सहा, दोन्ही दरांनी तेच गणित पोरांना करायला लावा, घरी जाऊन बापाला समजावतील.

डेरिव्हेटिव्हचंही तसंच. सोयाबीनच्या वायद्यावर डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेनं, बंदी घातली, त्यात हरभरा, मोहरी, मूग असा मिळून सात शेतमालांचा समावेश होता, पुढं मुदत वाढतच गेली. ज्या भागात घरोघरी सोयाबीन आहे तिथल्या डेरिव्हेटिव्हच्या वर्गात यावर एक तासभर तरी बोलणं व्हायला नको का, वायदा असला तर कास्तकाराला काय मिळते, नसला तर काय जाते, बंदी कोणाच्या बाजूनं होती. दोन्ही बाजू मांडून पोरांना भांडू द्या. मला स्वतःला अजून पूर्ण उत्तर सापडलेलं नाही, पण हा प्रश्न मला कॉलेजात भेटायला पाहिजे होता.

आणि ओजेटी. चार क्रेडिट म्हणजे १२० तास, हे सोनं आहे, मातीमोल करू नका. आता काय चालू आहे, ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणायचा, फाईल बांधायची, झालं. पोरांना जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, पाठवा. हिंगणघाट, वणी, राळेगाव, पांढरकवडा, जिनिंगला काय तोटा आहे आपल्याकडं. तिथला मुनीम कापसाचा भाव कसा काढतो ते बसून लिहून आणा म्हणा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते. रुईची खंडी ३५६ किलोची. समजा खंडी ५५,००० ला आहे आणि सरकी ३,५०० क्विंटल, तर रुईचे ५,२५० आणि सरकीचे २,२४०, मिळून साडेसात हजाराच्या थोडं आत, त्यातून जिनिंगचा खर्च, हमाली, व्याज, नफा वजा, उरला तो कापसाचा भाव. हे एकदा समजलं की पोरगा रोज सकाळी मोबाईलवर खंडीचा आणि सरकीचा भाव पाहून सांगू शकतो की आज गावात येणाऱ्यानं जो भाव म्हटला तो बरोबर आहे का. कॉस्टिंग मधला जॉइंट प्रॉडक्टचा, म्हणजे एकाच मालातून दोन वस्तू निघतात त्याचा, धडा इतक्या जवळ असताना आपण पेट्रोल रिफायनरीचं उदाहरण शिकवत बसतो. पतसंस्था आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, सीएची ऑफिसं आहेत, बचत गटांचे प्रभाग संघ आहेत, कॉलेजनं एक सर नेमून त्यांच्याशी आधीच बोलणं करून ठेवावं, पोरानं ओळख शोधत फिरू नये. आमच्या पतसंस्थेत दोन पोरं घ्यायला साहेब तयार आहेत, मी विचारूनच लिहून राहिली आहे.

मायनर आणि ओपन इलेक्टिव्हची यादी खरी छापा. पोर्टलवर पंधरा विषय दिसतात, कॉलेजात आलं की कळते दोनच चालतात. मग पोरानं मनापासून निवडलेलं सांख्यिकी किंवा संगणक बदलून त्याला जे चालू आहे त्यात बसवतात. फायनान्सवाल्यानं मायनर अर्थशास्त्र, सांख्यिकी, संगणक यातलं घ्यावं असं माझं मत आहे, कारण नोकरीला गेल्यावर तेच कामी पडते, पण माझं मत बाजूला ठेवा, निदान जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही इतकं तरी लिहा. जे नाही त्याला स्वयमचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सचा, रस्ता आहे, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमानं ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण आमच्या गावात हे कोणत्याच पोराला माहीत नाही, आणि माहीत असलं तरी कोर्स इंग्रजीत, नेट पावसाळ्यात बंद. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन दुपारी ते व्हिडिओ लावून एका मॅडमनं मधे-मधे थांबवून मराठीत समजावलं तर वीस पोरं करतील.

भाषेचं आलंच आहे तर एक वाक्य, शब्द इंग्रजीच ठेवा, परीक्षेत आणि नोकरीत तेच लागतात, पण शिकवताना मुद्दल, हप्ता, शेकडा, तारण, घट इथून सुरुवात करा, हे सगळं फायनान्सच आहे आणि पोरं ते घरून शिकून आलेली असतात.

बाहेरच्या परीक्षांचंही नकाशावर लिहा. वाणिज्यचा पदवीधर ५५ टक्के घेऊन निघाला तर सीएची फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला जाऊ शकतो, बाकी शाखांना ६० लागतात. माझ्या वर्गातला एक पोरगा ५३ वर राहिला, त्याला ही अट निकालानंतर कळली. सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा आहे, सर्टिफिकेट तीन वर्षं चालते, म्हणून ती पहिल्या वर्षी नाही तर शेवटच्या सेमिस्टरला द्यावी. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून ७५ टक्के लागतात, म्हणजे तो निर्णय तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नाही, पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या पेपरपासून सुरू होतो.

आता जे लिहिताना मला जड जाते ते. माझी एक मैत्रीण होती, बाकावर शेजारी बसायची, अकाउंट्समध्ये माझ्यापेक्षा हुशार, ताळेबंद जुळला नाही की माझी वही ओढून चूक काढून द्यायची. दुसरं वर्ष संपलं आणि उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सासर अकोल्याकडचं. परीक्षा झाली होती, चारही सेमिस्टर पास होती, पण जुन्या पद्धतीत अर्धवट सोडलं म्हणजे बारावी पास, बस. आता ती घरीच असते, मधे एकदा फोनवर म्हणाली की इथं एका पेट्रोल पंपावर हिशोबाला माणूस पाहिजे होतं, पदवी नाही म्हणून घेतलं नाही. दोन वर्षं शिकली त्याचा कागद नाही तिच्याकडं.

नव्या पद्धतीत हे बदललं आहे. एक वर्ष पूर्ण करून ठरलेला जास्तीचा चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला की सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा राहतात, तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मला विचाराल तर या सगळ्या बदलातली आमच्या भागासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. पण ही कोणाला सांगितली? कोणत्याच पोरीच्या बापाला माहीत नाही, पोरीला नाही, आणि खरं सांगते, कॉलेजच्या ऑफिसमध्ये विचारलं तर तिथंही एकानं दुसऱ्याकडं पाहिलं. जी पोरगी सोडून जाते ती टीसी घेऊन गुपचूप जाते, तिला कोणी म्हणत नाही की थांब, हा चार क्रेडिटचा कोर्स उन्हाळ्यात करून घे, डिप्लोमा घेऊन जा, आणि तीन वर्षांच्या आत सासरच्या गावाजवळच्या कॉलेजात परत नाव टाक. टीसीच्या खिडकीवरच हे मराठीत मोठ्या अक्षरात लावा. आणि अभ्यास मंडळाला विनंती, पहिल्या दोन वर्षांत असे पेपर ठेवा की त्या पोरीला तेवढ्यावर काम मिळालं पाहिजे, टॅली, जीएसटीची बिलं, बँकेचं काम, कर्जाचं गणित. दोन वर्षांवर बाहेर पडायची सोय दिली आणि कामाचं सगळं तिसऱ्या वर्षी ठेवलं तर त्या डिप्लोम्याला बाजारात कोण विचारणार.

भावाचा फॉर्म मी त्या दिवशी भरू दिला नाही. घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं सहा रकाने आखले, विद्यापीठाच्या साईटवरून जेवढं मिळालं तेवढं, आमच्या साहेबांना आणि माझ्या त्या दोन कॉलेज करणाऱ्या सरांना फोन करून विचारलं तेवढं, तीन रात्री बसून त्यात भरलं. कोणता पेपर कधी, त्याच्या आधी काय, कॉलेजात कोण शिकवते, सीएला किती टक्के, एनआयएसएम कोणत्या महिन्यात, जिनिंगचा सीझन कधी म्हणजे ओजेटी कधी. मायनर त्यानं स्वतः पाहून सांख्यिकी घेतलं, बाबांना पण समजावलं का घेतलं ते. बाबांनी तो कागद देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला खिळ्यानं लावला आहे.

त्याचा फोटो मी या पत्रासोबत तुम्हा सगळ्यांना पाठवून राहिली आहे. चुका असतील, लाल पेननं दुरुस्त करा, तुमच्या सही-शिक्क्यानं एका पानावर छापा आणि प्रत्येक कॉलेजला, आणि त्या झेरॉक्सच्या दुकानांनाही द्या, कारण पोरं आधी तिथंच जातात. आणि यंदा ज्यांनी लाईनीत उभं राहून मायनर टाकलं त्यांना पहिल्या महिन्यात ते बदलायची एक संधी द्या, ऑगस्टच्या पंधरा तारखेपर्यंत पोर्टल उघडं ठेवलं तरी पुरे आहे. भावाच्या मागं त्या दिवशी जे उभे होते त्यातल्या तिघांच्या घरचे नंतर आमच्या घरी येऊन त्या कागदाचा फोटो काढून घेऊन गेले, पण त्यांचे फॉर्म आधीच सबमिट झालेले आहेत.

आपली,
बी.कॉम. झालेली एक माजी विद्यार्थिनी,
सध्या पतसंस्थेत कर्ज विभाग